खुर्च्या टाकून काय होतं? एका प्रतिक्रियेला उत्तर

'बायकांनी नाक्यावर खुर्च्या टाकल्या म्हणून गोळ्या थांबतात का? हे पोलिसांचं काम, बाकी सगळं फोटोपुरतं,' असं तुम्ही, बंदुकीच्या हिंसेविरुद्ध उभ्या राहिलेल्या अमेरिकेतल्या आयांवरच्या माझ्या लेखाखाली लिहिलंत. आधी चिडले, हे कबूल करते. पण प्रश्न रास्त आहे.

तुमच्या बाजूची सगळ्यात जड गोष्ट मी लेखात टाळली होती. शिकागोच्या एंगलवूड भागात, 75व्या रस्त्याच्या एका नाक्यावर टमार मनासे 2015च्या उन्हाळ्यापासून इतर आयांना घेऊन बसू लागल्या. जुलै 2019मध्ये त्याच नाक्यावर, त्यांच्या कामाशी जोडलेल्या दोन आया गोळीबारात गेल्या. खुर्ची म्हणजे चिलखत नव्हे.

तरी त्या बसल्या कशासाठी, ते बघा. त्या नाक्यावर एका बाईचा खून झाला होता आणि आता कोणीतरी सूड घेणार, ही सगळ्यांनाच धास्ती. बायकांनी तिथेच रांधलं, पोरांना जेवू घातलं, नावानिशी ओळखायला लागल्या. नाव घेऊन हाक मारणारी मावशी समोर बसलेली असली की खिशातलं हत्यार बाहेर काढणं जरा अवघड होतं. जरा, एवढंच म्हणते. पोलीस बहुतेकदा गोळी सुटल्यावर येतात. या बायका त्याआधीच्या तासांत तिथे असतात.

फोटोचं म्हणाल, तर मे 2000मध्ये मातृदिनी वॉशिंग्टनला कडक बंदूक-कायदे मागणाऱ्या आयांचा लाखोंचा मोर्चा निघाला आणि तरीही 2004मध्ये असॉल्ट (लष्करी धाटणीच्या) बंदुकांवरच्या बंदीची मुदत संपली, ती वाढवली गेली नाही. तिथे तुमचं खरं. पण लुसी मॅकबाथ यांचं काय? 2012मध्ये फ्लोरिडात, गाडीतल्या गाण्याच्या आवाजावरून झालेल्या वादात त्यांच्या 17 वर्षांच्या मुलाला गोळ्या घातल्या गेल्या. त्या आधी आयांच्या संघटनेत उतरल्या, मग 2018मध्ये जॉर्जियातून संसदेत निवडून गेल्या. बंदुकांवरच्या 2022च्या केंद्रीय कायद्याला मत देणाऱ्यांत त्या होत्या. 21 वर्षांखालच्या बंदूक-खरेदीदाराची जादा तपासणी त्याच कायद्यातली, आणि वस्तीपातळीवर हिंसा रोखणाऱ्या कामांसाठी 25 कोटी डॉलरही. म्हणजे नाक्यावर फुकट चाललेल्या कामासारख्या कामाला सरकारने पैसे द्यायचं ठरवलं. उशिराच.

'हे पोलिसांचं काम' यावर मात्र मी निम्मी तुमच्याकडे आहे. पोटचं पोर गेलेल्या बाईने पहारा द्यावा, ही वेळच यायला नको होती. पण हा जाब तुम्ही खुर्चीवर बसलेल्या बाईला विचारताय.

2019ची घटना मूळ लेखात आज जोडली आहे.