कवळी डबीत राहू नये
चावण्याची ताकद कमी असलेले वृद्ध अधिक पडतात, असे एका लेखात वाचले; ते निरीक्षण पटते. मात्र उतारवयात जबड्याचे आणि मांड्यांचे स्नायू बरोबरच क्षीण होत असल्यामुळे एकाला दुसऱ्याचे कारण ठरवण्याची घाई करू नये. जपानमधील ६५ वर्षांवरील व्यक्तींच्या, २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, १९ किंवा त्याहून कमी दात असून कवळी न वापरणाऱ्यांत वारंवार पडण्याची शक्यता २० किंवा अधिक दात असलेल्यांच्या सुमारे अडीच पट आढळली. कवळी वापरणाऱ्यांत मात्र तितका ठळक फरक दिसला नाही. (माझ्या वडिलांची कवळी बहुतेक वेळ डबीतच असे.) चावता येईनासे झाले की शेंगदाणे, उसळी, मटण ताटातून जातात आणि प्रथिने घटतात, माझ्या मते चावणे आणि पडणे यांतला मुख्य दुवा तोच असावा.