सहलीच्या चिठ्ठीवरची सही

नमस्कार काका,

बडोद्याच्या हरणी तलावातल्या बोट दुर्घटनेवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, "मूल आपलं, तर जबाबदारीही आपली. उठसूट सरकारच्या नावाने खडे फोडायचे आणि नवे नियम मागायचे, ही आजकालच्या आईबापांची पळवाट आहे. नियम आले की पालक आणखीच बेफिकीर होतात. आम्ही सुरसागर तलावाच्या कठड्यावर खेळून मोठे झालो, काही झालं नाही." दोन दिवस हे डोक्यातून जात नाहीये, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुमचं एक म्हणणं मला पटतं. दांडिया बाजारात संध्याकाळी पाच मिनिटं उभं राहा. बाप स्कूटर चालवतोय, पुढे दोन वर्षांचं पोर उभं, मागे आई, तिच्या मांडीवर आणखी एक. चार वर्षांखालच्या मुलाला दुचाकीवर नेताना त्याला हेल्मेट हवं, चालकाशी बांधणारा पट्टा हवा आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत हवा, हा केंद्राचा नियम २०२३ पासून लागू आहे. तो पट्टा मी आजवर एकाही मुलाच्या अंगावर पाहिलेला नाही. उत्तरायणात कठडा नसलेल्या अगाशीवर पोरं पतंगाकडे बघत मागे मागे सरकत असतात आणि मोठी माणसं खाली उंधियूची पंगत मांडत असतात. इथे दोष आपलाच आहे.

पण १८ जानेवारी २०२४ ला हरणीत काय झालं? शाळेची सहल होती. बोट मर्यादेपेक्षा जास्त भरलेली, बहुतेकांच्या अंगावर लाइफ जॅकेट नाही. १२ मुलं आणि २ शिक्षिका गेल्या. आईबाप तिथे नव्हतेच. मग त्यांनी नेमकं काय करायला हवं होतं, ते मला सांगा.

माझ्या मुलीच्या शाळेतून सहलीची चिठ्ठी येते. अर्धं पान, गुजरातीत. बस किती वाजता, डब्यात काय द्यायचं, टोपी विसरू नका. आणि तळाला बारीक अक्षरात, काही दुर्घटना घडल्यास शाळा जबाबदार राहणार नाही. गेल्या वर्षी मी ती ओट्यावरच, पोळ्या लाटता लाटता सही करून दिली. कोपऱ्यावर कणकेचं बोट उमटलं होतं. बस कोणाची, पाण्यात उतरवणार का, सोबत मोठी माणसं किती, यातलं एक अक्षर त्यात नव्हतं. आपण सही करतो ती शाळेच्या बचावाच्या कागदावर, आणि उद्या काही झालं तर तोच कागद दाखवून म्हणणार, पालकांची संमती होती!

आणि काका, सुरसागरला काही झालं नाही असं कसं म्हणता? ११ ऑगस्ट १९९३ आठवा. त्याच सुरसागरमध्ये बोट उलटून २२ माणसं बुडाली. तीही जास्त भरलेलीच होती. तेव्हा शाळेत असलेली मुलं हरणीच्या वेळी स्वतः शाळकरी मुलांचे आईबाप होती. बोटीत किती जणांना बसवायचं हे आपल्या शहराला तीस वर्षं आधी कळलेलं होतं. ते लक्षात ठेवायचं काम घरोघरच्या आयांचं, की तलाव ठेक्याने देणाऱ्यांचं?

सुरतेत २४ मे २०१९ ला तक्षशिला इमारतीतल्या क्लासला आग लागून २२ मुलं गेली. बरोबर पाच वर्षं आणि एका दिवसाने राजकोटचा गेम झोन जळाला, तो तर अग्निशमन दलाच्या परवानगीशिवाय चालू होता. मुलाला क्लासला घालणं, सुट्टीत खेळायला नेणं हा काय निष्काळजीपणा झाला? तिकीट काढताना बाप परवानगीचा कागद मागणार, की दार उघडं आहे म्हणजे कोणीतरी तपासलंय असं धरून चालणार? मीही तसंच धरून चालते. तुम्हीही नातवंडांना नेताना तसंच धरता.

नियम आले की पालक बेफिकीर होतात, हे तर मला मुळीच पटत नाही, आणि बडोद्याच्या माणसाने ते म्हणावं याचं जास्त वाईट वाटतं. सयाजीराव महाराजांनी १९०६ साली अख्ख्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. मुलांना शाळेत न पाठवणाऱ्या पालकांना दंड होता. त्याआधी १९०४ मध्ये बालविवाहाविरुद्ध कायदा केला. मूल ज्याचं त्याचं, राज्याने कशाला मध्ये पडावं, असं महाराज म्हणाले असते तर? माझ्या पणजीला अक्षरओळख झाली ती त्या सक्तीमुळे. तिच्या वडिलांचं मुलीवर प्रेम नव्हतं असं नाही. त्यांना ते सुचलंच नसतं.

यंदाची चिठ्ठी परवा आली. या वेळी सहीखाली मी चार ओळी लिहिल्या. बसमध्ये मुलं किती, जागा किती? पाण्यात नेणार का? नेणार असाल तर जॅकेट प्रत्येकाला आहे का? सोबत पोहता येणारं कोण आहे? तुम्ही म्हणता ती जबाबदारी मी एवढीच पार पाडू शकते. उद्या शाळेकडून "सगळं आहे" असं उत्तर आलं, तरी ते खरं की खोटं हे मला घरात बसून कळणार नाही. ते जागेवर जाऊन मोजणारा माणूस हवा, आणि खोटं निघालं तर सहल थांबवायचा अधिकार त्याच्याकडे हवा. नियम मागते ते एवढ्यासाठी.

उत्तर अजून आलेलं नाही. सहल येत्या शनिवारी आहे.