करपलेल्या खिचडीचा खुलासा

आठवीच्या वर्गात पॉडकास्ट ऐकवल्यामुळे पोषण आहाराची खिचडी का करपली, याचा लेखी खुलासा माझ्याकडे मागितला आहे. तोही दोन प्रतींत.

पॉडकास्ट ही माझी हौस नव्हे. प्रशिक्षणात सांगितलं की, २००३ साली स्टोरीकोअर नावाच्या अमेरिकी संस्थेने न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्टेशनात एक खोली उभारली. दोन साधी माणसं आत बसून ४० मिनिटं आयुष्याबद्दल बोलायची आणि ते रेकॉर्डिंग पुढे लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयात, जपलं जायचं. तुम्हीही वर्गात माणसांचे आवाज आणा! आणले. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडलेल्या एका आजोबांची आठवण. मोबाइल माझा, स्पीकर माझ्या पैशाचा.

आजोबा रंगात आले आणि ताटं मोजायला खिचडीवाल्या मावशी दारात उभ्या राहिल्या, हातात पळी.

"मिलोची भाकरी गोड लागायची," स्पीकर म्हणाला.

"गोड?" मावशी थेट आत. "कोन ह्यो? बाई, इचारा त्येला, कुठल्या गावचा हाय."

"मावशी, रेकॉर्डिंग आहे ते."

"मग बंद करा आन् इचारा."

स्पीकर कुठला थांबतोय! सुकडी पोटभर मिळायची म्हणाला. मावशींनी पळी त्याच्यावर रोखली. "मुकादमाचा पावना असंल मेला! आमची आय पाट्या उचलायची, मी धाकट्याला घिऊन झाडाखाली. सुकडी आली की आय तिचा वाटा पदरात बांधायची आन् म्हनायची, मला भूक न्हाई."

सगळा वर्ग पाठमोरा झाला, म्हणजे माझ्याकडे पाठ. जूनपासून ज्याला मी जागं करतेय, तो शेवटच्या बाकावरचा महाभाग उठून विचारतो, "मिलो म्हंजी काय वो?"

"लाल जोंधळा. अमेरिकेचा."

तेव्हा अमेरिकेतून मिलो आला, आता पॉडकास्ट. गिळायचं आम्हीच.

मग वास आला.

वरून उपक्रमाचा जिओ-टॅग फोटोही परत आलाय. शेरा : 'विद्यार्थी ऐकत असल्याचे दिसून येत नाही.' ऐकणं दिसतं कसं, कान टवकारून बसवू की काय त्यांना? आणि आता तांदळाचे पैसे मावशींच्या मानधनातून कापायची भाषा चाललीय. ते मानधन मुळात केवढं, आणि येतं कधी, याचा खुलासा मात्र कुणी कुणाला एका प्रतीतही मागत नाही.

घरच्या म्हाताऱ्यांचा आवाज रेकॉर्ड करून आणा, हा गृहपाठही त्याच प्रशिक्षणातला. एकाने आजोबा आणले. दुष्काळ नाही, बालपण नाही. धाकट्या भावाने बांध कसा कोरला, एवढंच, नावानिशी आणि शिव्यांसकट. रात्री वडिलांचा फोन.

"बाई, तेवढं डिलीट करा. केस कोर्टात चालू हाय."

करते म्हटलं.

"आन् वर्गात लावू नका. चुलत्याची नात तुमच्याच वर्गात हाय."