"डिटेक्ट झालं नाही" म्हणजे "नाहीच" असं कुणी सांगितलं तुम्हाला?

आज परत तेच. आमच्या लॅबमधून वाइनमधल्या पेस्टिसाइड्सचा रिपोर्ट पाठवून अर्धा तास झाला नाही तोच वाइनरीचा फोन, "मॅडम, ते खालचं वाक्य काढून टाका ना, कस्टमरला उगाच शंका येते". खालचं वाक्य काय, तर "यादीतली पेस्टिसाइड्स एलओक्यूच्या वर आढळली नाहीत" (एलओक्यू म्हणजे ज्याच्या खाली खात्रीने मोजता येत नाही ती मर्यादा). यांना त्या जागी हवं असतं "पेस्टिसाइड फ्री". नाही लिहिणार मी. सही माझी असते त्याच्यावर.

मल्टिरेसिड्यू टेस्टची, म्हणजे एकाच वेळी अनेक पेस्टिसाइड्सचे अंश (रेसिड्यू) शोधणाऱ्या टेस्टची, यादी कितीही लांब असू दे, त्यात जे बसतच नाही ते दिसणार कुठून? ग्लायफोसेट हे तणनाशक त्यात येत नाही, फार पोलर आहे (पाण्यातच राहतं, सॉल्व्हंटमध्ये येत नाही), त्याची वेगळी मेथड. फोसेटिल (हे बुरशीनाशक) आणि फॉस्फोनिक अ‍ॅसिडचं तेच. मॅन्कोझेबसारखी डायथायोकार्बामेट गटातली बुरशीनाशकं तर सॉल्व्हंटमध्ये धड विरघळतही नाहीत, ती अ‍ॅसिड आणि स्टॅनस क्लोराइड घालून तापवायची आणि निघालेला कार्बन डायसल्फाइड मोजायचा, म्हणजे पुन्हा वेगळा दिवस, वेगळा सेटअप. हे सगळं सँपल घेतानाच सांगितलेलं असतं, तेव्हा म्हणतात "नको नको, बेसिकच करा", आणि नंतर त्याच बेसिक रिपोर्टवर "सर्व कीटकनाशकांपासून मुक्त" असं छापून मोकळे! डोकंच फिरतं माझं. द्राक्षावर सगळ्यात जास्त मारलं जातं ते बुरशीनाशक, आणि त्यातलीच दोन-तीन नेहमीची तुम्ही तपासायला नको म्हणालात, मग "सर्व" हा शब्द आला कुठून?

फोलपेट या बुरशीनाशकाचं तर बोलायलाच नको. वाइन होईपर्यंत त्याचं बरंचसं तुटून थॅलिमाइड झालेलं असतं, म्हणून युरोपात दोन्ही मिळून मोजायचा नियम आहे. नुसतं फोलपेट शोधून शून्य आलं म्हणून खूश होणाऱ्यांना काय सांगायचं.

आणि दुसरा राग, "वाइन तर पाण्यासारखी असते, त्यात काय एवढं, संध्याकाळपर्यंत द्या". पाण्यासारखी?? या एकदा आणि रेड वाइनची ट्यूब हातात धरून बघा. १० मिली वाइन, १० मिली एसीटोनायट्राइल (सॉल्व्हंट), वर मॅग्नेशियम सल्फेट आणि मीठ, झाकण लावून हलवलं की ट्यूब हाताला गरम लागते, सेंट्रिफ्यूजमधून काढली की वरचा थर स्वच्छ हवा तर तो जांभळट. वाइनमधलं १२-१४ टक्के अल्कोहोल पण त्या थरात घुसून बसतं. त्यात अ‍ॅसिड, पॉलिफेनॉल, रंग, साखर, सगळं आहेच. पीएसए नावाच्या शोषक पावडरीने अ‍ॅसिड आणि थोडा रंग जातो. सगळा रंग घालवायला कार्बन टाकावा तर तो थायाबेंडाझोल या बुरशीनाशकासारखी चपटी मॉलिक्यूल्स पण ओढून घेतो, मग ते सापडलं नाही असा रिपोर्ट जाणार आणि चूक कुणाची? रंग तसाच ठेवावा तर मास स्पेकचा (मोजणाऱ्या मशीनचा) सोर्स, म्हणजे सँपल आत जातं ती जागा, घाण होतो, सिग्नल दबतो, २० पीपीबी (अब्जात २० भाग) असेल तिथे १२ दिसतात. म्हणून मॅट्रिक्स मॅच्ड कॅलिब्रेशन लागतं, म्हणजे तुलनेचे स्टँडर्ड तशाच वाइनमध्ये बनवायचे, रेडसाठी रेडच, आणि तीसुद्धा अशी की जिच्यात एकही रेसिड्यू नाही. अशी ब्लँक वाइन शोधण्यात आमचे दिवसच्या दिवस जातात (हे कुणालाच दिसत नाही, दिसतो फक्त उशीर).

बरं सापडलं तरी भांडण. एकदा फेनहेक्झामिड हे बुरशीनाशक आलं, अगदी थोडं, आयन रेशो बरोबर, रिटेन्शन टाइम बरोबर (ओळख पटवायच्या दोन्ही खुणा), मी दुसऱ्या ट्यूबमधून परत काढून बघितलं, तेच. समोरचा माणूस म्हणतो तुमचं मशीन खराब आहे. आणि लगेच दुसरं टोक, "एमआरएलच्या (कायद्याने ठरलेल्या कमाल मर्यादेच्या) वर आहे का सांगा". अहो युरोपात एमआरएल वाइनला नाही, द्राक्षाला आहे! द्राक्षातलं काही चोथ्याबरोबर जातं, काही यीस्टला चिकटून गाळात बसतं, वाइन स्वच्छ करायला घातलेल्या बेंटोनाइट मातीने आणखी कमी होतं, पाण्यात विरघळणारं असेल तर बरंचसं बाटलीपर्यंत येतं. प्रत्येकाचा प्रोसेसिंग फॅक्टर, म्हणजे द्राक्षातलं किती वाइनमध्ये येतं ते प्रमाण, वेगळा. त्यामुळे वाइनमधला आकडा घेऊन थेट द्राक्षाच्या लिमिटशी तुलना करायची आणि "बघा, कितीतरी खाली" म्हणून सांगायचं ही शुद्ध दिशाभूल आहे, मग ती नकळत असो की ठरवून. आकड्याला ५० टक्के अनसर्टन्टी धरायची असते, म्हणजे खरा आकडा तेवढा वर-खाली असू शकतो, हे सांगितलं की फोनवर शांतताच.

सगळ्यात जास्त चीड कशाची येते माहितीये? फॉर्मवर एक रकाना आहे, "बागेत काय फवारलं". तो कायम रिकामा. फवारणीची वही त्यांच्याकडे असते, त्यात तारखेसकट सगळं लिहिलेलं असतं, ती मागितली तर "ते कॉन्फिडेन्शियल आहे". म्हणजे तुम्हाला माहितीये काय मारलंय, आणि आम्ही अंधारात शोधायचं, आणि नाही सापडलं की तुम्ही लेबल छापणार. यापुढे तो रकाना रिकामा आला तर सँपल घेणार नाही, हे मी आज वरती लेखी कळवलंय.