मंत्रिमंडळात ठराव झाला म्हणून तारीख चुकवू नका

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: ‘सरकारनं मनात आणलं तर सीमाप्रश्नाच्या आंदोलनातल्या केसेस एका सहीत निघतात. मंत्रिमंडळात ठराव झाला की केस संपली, कोर्टात जायची गरज नाही. कर्नाटक करत नसेल तर महाराष्ट्र सरकारनं त्या काढून घ्याव्यात.’ तिन्ही वाक्यं चूक, आणि मधलं तर माणसाला आत बसवणारं.

‘एका सहीत’. सरकारच्या सहीनं खटला निघत नाही. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 321 होतं, 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 360 आहे. अर्ज करायचा तो ती केस चालवणाऱ्या सरकारी वकिलानं, निकालाआधी, आणि कोर्टाची संमती घेऊन. सरकार सुचवू शकतं, विचार मात्र वकिलानं स्वतःच्या डोक्यानं करायचा. (वरून आलेल्या पत्राला किती सरकारी वकील नाही म्हणतात, ते सोडा.) ऑक्टोबर 2024 मध्ये कर्नाटक सरकारनं 43 खटले मागे घेण्याचा आदेश काढला, त्यात हुबळीच्या 2022 च्या दंगलीचाही होता. मे 2025 मध्ये उच्च न्यायालयानं तो आदेशच रद्द केला. चंदनतस्कर वीरप्पननं कन्नड अभिनेते राजकुमार यांचं अपहरण केलं तेव्हा, 2000 साली, त्याच्या साथीदारांवरचे टाडाचे (दहशतवादविरोधी कायद्याचे) आरोप मागे घ्यायला म्हैसूरच्या कोर्टानं होकारही दिला होता. मारल्या गेलेल्या एका पोलीस अधिकाऱ्याचे वडील सर्वोच्च न्यायालयात गेले आणि तो होकार तिथं टिकला नाही. आता तर नव्या कलमात पीडिताचं म्हणणं ऐकल्याशिवाय परवानगी देता येत नाही, असं स्पष्टच लिहिलंय.

‘कोर्टात जायची गरज नाही’. बातमी पेपरात येते, कोर्टाच्या फाईलमध्ये नाही. तिथं पुढची तारीख तशीच पडलेली असते. पुकारा झाला, आरोपी गैरहजर, वकिलाचाही अर्ज नाही, की वॉरंट निघू शकतं. मग जामीनदाराच्या घरी नोटीस. सीमाभागात जामीन राहिलेला माणूस बहुधा गल्लीतला शेजारी किंवा भावकीतला कुणीतरी असतो, ज्यानं सातबाऱ्याचा उतारा आपल्या भरवशावर दिलेला असतो. ई-कोर्ट्सच्या ॲपवर केस नंबर घाला. ‘निकाली’ दिसत नसेल तर केस जिवंत आहे.

महाराष्ट्राचं एका ओळीत: खटला कर्नाटकातल्या कोर्टात, सरकारी वकील कर्नाटकचा, मुंबईला वकिलांचा खर्च उचलता येईल, अर्ज करता येणार नाही.

मेसेजमागचा राग मात्र खोटा नाही. बेळगावजवळच्या येळ्ळूर गावातल्या ‘महाराष्ट्र राज्य’ असं लिहिलेल्या फलकावरून 2014 साली झालेल्या केसेसपायी लोकांनी वर्षानुवर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या. राजकीय आंदोलनातले खटले व्यापक लोकहितासाठी मागे घेता येतात, हे सर्वोच्च न्यायालयानं 1980 मध्येच मान्य केलंय. तेव्हा मागणी जरूर करा, पण ठरावाची बातमी आली की सरकारी वकिलाचा अर्ज खरंच दाखल झाला का, हे आपल्या वकिलाला विचारा. आरोप निश्चित होण्याआधी कोर्टानं परवानगी दिली तर नुसती आरोपमुक्ती मिळते, नंतर दिली तर निर्दोष सुटका. पासपोर्ट किंवा नोकरीसाठी कागद लागणाऱ्या पोरांनी त्या आदेशाची सही-शिक्क्याची नक्कल काढून ठेवावी. आणि ‘बी रिपोर्ट’ वेगळा. तो पोलीस देतात, तपासाअंती केसमध्ये दम नाही म्हणून. चार्जशीट होऊन खटला उभा राहिलेल्यांनी त्याच्या आशेवर बसू नये.