फुल-फ्रेम, चौदा मिमी आणि लेण्यांचे फोटो: एका सल्ल्याचा प्रतिवाद

सहलींचा हंगाम जवळ आला की कॅमेरा खरेदीचा एक सल्ला या ग्रुपवरून त्या ग्रुपवर फिरू लागतो. त्याचा सारांश असा: मंदिरं, लेणी, जुन्या इमारती नीट टिपायच्या तर फुल-फ्रेम बॉडीच (३५ मिमी फिल्मएवढ्या मोठ्या सेन्सरचा कॅमेरा) घ्या. लेन्स जितकी वाइड तितकी उत्तम (मिमीचा आकडा जितका लहान तितका कोन मोठा), म्हणजे १४ मिमीपासून सुरू होणारी. अंधाऱ्या लेण्यांसाठी एफ/२.८ हवंच (हा आकडा जितका लहान तितकं अॅपर्चर, म्हणजे लेन्समधलं छिद्र, मोठं). मागे कलंडलेल्या इमारती नंतर सॉफ्टवेअरमध्ये सरळ होतात. सगळं शार्प यावं म्हणून एफ/२२ लावा. ट्रायपॉड विसरू नका. मेगापिक्सेल ४५च्या खाली नकोत.

हे सगळं ऐकलं तर काही लाख रुपये खर्च होतात, पाठीवर चार-पाच किलो ओझं येतं आणि फोटो बहुतेक वेळा होते तसेच राहतात. एकेक मुद्दा घेऊ. सर्वांत जास्त नुकसान करणारा आधी.

‘लेन्स जितकी वाइड तितकी वास्तू चांगली येते’

फुल-फ्रेमवर १४ मिमी लेन्स आडव्या फ्रेममध्ये सुमारे १०४ अंश कोन पकडते, २४ मिमी सुमारे ७४ अंश. सरळ रेषा सरळ ठेवणारी कोणतीही वाइड लेन्स त्याची किंमत कडेला वसूल करते. मध्यापासून जसजसं दूर जावं तसतशी वस्तू बाहेरच्या दिशेने ताणली जाते. २४ मिमीला फ्रेमच्या डाव्या-उजव्या कडेवर हा ताण सव्वापट असतो आणि डोळ्याला खपून जातो. १४ मिमीला तो कडेवर १.६ पटीच्या पुढे आणि कोपऱ्यात १.८ पटीच्या वर जातो. कडेला उभा असलेला गोल खांब फुगून लांबट होतो आणि कोपऱ्यात सापडलेल्या माणसाचं डोकं अंड्यासारखं दिसतं. हा लेन्सचा दोष नाही, महागडी लेन्स घेऊन तो जात नाही. सपाट सेन्सरवर इतका मोठा कोन उतरवण्याची ती भूमितीच आहे.

दुसरं नुकसान कमी बोललं जातं. त्याच जागेवरून २४ऐवजी १४ मिमी लावली की समोरची वस्तू उंचीला ५८ टक्के उरते, क्षेत्रफळाला जेमतेम एक तृतीयांश. वेरूळच्या कैलास मंदिराच्या (१६ क्रमांकाचं लेणं) अंगणात हे लख्ख दिसतं: पायाजवळची फरशी अर्धी फ्रेम खाते आणि ज्याच्यासाठी आलो ते विमान (गाभाऱ्यावरचं शिखर) मागे बारीक होऊन बसतं. फ्रेममध्ये ‘सगळं’ येतं आणि त्यात पाहण्यासारखं थोडंच उरतं.

वास्तूंसाठी बहुतांश काम २४ ते ३५ मिमीत होतं (क्रॉप, म्हणजे फुल-फ्रेमहून लहान, सेन्सरवर १६ ते २३). अरुंद ओवऱ्या, गाभाऱ्यासमोरची जागा, जिने यासाठी १६-१८ मिमी (क्रॉपवर १०-१२) अधूनमधून लागते. आणि हा सल्ला ज्या लेन्सचं नावही घेत नाही ती टेलिफोटो, १०० ते २०० मिमी, शिल्पपट्ट आणि शिखरावरच्या कामासाठी हमखास लागते. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या घुमटावरचा ‘प्रगती’चा पुतळा किंवा भिंतीतून डोकावणारी पशुमुखं रस्त्यावरून टिपायला दुसरा मार्ग नाही. बजेट दोन लेन्सचं असेल तर २४-७०च्या तोलाची एक आणि साधी ७०-३०० घ्यावी. १४ मिमीवाली तिसरी, तीही खरंच अडलं तर.

‘इमारत मागे कलंडली तर सॉफ्टवेअर आहेच’

आहे, पण फुकट नाही. २४ मिमीला कॅमेरा आडवा धरून १० अंश वर वळवला आणि उभ्या रेषा पूर्ण सरळ केल्या, तर फ्रेमच्या वरच्या कडेला मूळ ६,००० पिक्सेलपैकी साधारण ५,००० कामी येतात. २० अंश वळवला तर ४,१५०च्या आसपास. आणि ही झीज होते ती कळस, कमानी, कंगोरे असतात त्याच भागात. शिवाय दोन्ही बाजू कापल्या जातात, म्हणून काठोकाठ बसवलेली इमारत सरळ करताना कोपऱ्यात तुटते. पूर्ण सरळ केलेली उंच इमारत वर फुगल्यासारखीही वाटते. अशा वेळी स्लायडर शंभरावर न नेता ८०-९० टक्क्यांवर थांबावं.

दुखणं मुळात एवढंच आहे: सेन्सर भिंतीला समांतर नसला की उभ्या रेषा वर जवळ येतात. समांतर ठेवायचा म्हणजे कॅमेरा लेव्हल धरायचा. जवळपास सगळ्या नव्या बॉडींत इलेक्ट्रॉनिक लेव्हल असते, ती सुरू करा आणि ग्रिडही. मग प्रश्न उरतो तो अंतराचा, आणि ते मोजता येतं. समजा इमारत ३० मीटर उंच आहे आणि कॅमेरा १.६ मीटरवर, लेव्हल, उभ्या फ्रेममध्ये:

२४ मिमीने माथा फ्रेममध्ये यायला सुमारे ३८ मीटर मागे जावं लागतं.
१६ मिमीने सुमारे २५ मीटर.
२४ मिमीची शिफ्ट लेन्स (कॅमेरा न हलवता जी वर सरकवता येते) १२ मिमी वर सरकवली तर सुमारे २३ मीटर.

म्हणजे १६ मिमीने लेव्हल फोटो काढून खालची रिकामी जमीन कापून टाकली की शिफ्ट लेन्सच्या जवळपास तेवढंच काम होतं, फक्त पिक्सेल कमी उरतात. वाइड लेन्सचा वास्तुछायाचित्रणातला खरा उपयोग हा आहे, आणि सल्ल्यात नेमका तोच नाही. शिफ्ट लेन्स ज्याला आर्किटेक्टकडून कामं मिळतात त्याने घ्यावी. प्रवाशाने ती पाठीवर वाहू नये, कारण बाजारातल्या बहुतेक शिफ्ट लेन्सना ऑटोफोकस नसतो आणि चालत्या ग्रुपमागे धावत त्या वापरता येत नाहीत.

आता चौथा पर्याय, ज्याला पैसे पडत नाहीत. तीच ३० मीटरची इमारत, पण कॅमेरा १५ मीटर उंचीवर नेला, तर २४ मिमीने उभ्या फ्रेममध्ये २० मीटर अंतर पुरतं आणि रेषा आपोआप सरळ राहतात. समोरच्या इमारतीचा गच्ची-सज्जा परवानगीने मिळाला तर पाहा. कैलासाला तर ही सोय डोंगरानेच केली आहे. मंदिर वरून खाली कोरत आणलेलं असल्यामुळे खड्ड्याच्या कडेने वर चढून जाता येतं आणि शिखर डोळ्यांच्या पातळीवर येतं. मागचा कडा सुमारे ३० मीटरचा आहे, अगदी टोकावर जाऊ नका. पावसाळ्यात हा बेसाल्ट निसरडा होतो. मंदिर पश्चिमाभिमुख आहे, त्यामुळे सकाळी दर्शनी बाजू सावलीत असते आणि दुपार कलल्यावर तिच्यावर ऊन येतं. वेरूळ मंगळवारी बंद असतं, अजिंठा सोमवारी. कुठली लेन्स न्यायची यापेक्षा हे आधी ठरवलेलं बरं.

‘लेण्यांच्या अंधारात एफ/२.८ आणि फुल-फ्रेमशिवाय भागत नाही’

हे दोन दावे एकमेकांच्या पायात पाय घालतात.

फुल-फ्रेम सेन्सरचं क्षेत्रफळ क्रॉप सेन्सरच्या सव्वादोन पट, म्हणजे प्रकाशात साधारण १.२ स्टॉपचा फायदा (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश). हा फायदा खरा आहे, पण दोन्हीकडे एकच अॅपर्चर ठेवलं तरच. वास्तूत जवळचा खांब आणि मागचा स्तूप दोन्ही शार्प हवे असतात. फुल-फ्रेमवर २४ मिमी, एफ/८ लावून २.४ मीटरवर फोकस केला तर १.२ मीटरपासून पुढे सगळं शार्प येतं. क्रॉपवर तीच फ्रेम १६ मिमीने मिळते, आणि तीच खोली (जवळपासून दूरपर्यंत शार्प दिसणारा पट्टा) एफ/५.६लाच येते. म्हणजे क्रॉपवाल्याला एक स्टॉप जास्त प्रकाश मिळाला, त्याचा आयएसओ (सेन्सरच्या संवेदनशीलतेचा आकडा) निम्मा राहिला. फुल-फ्रेमचा नॉइजमधला (फोटोतल्या दाण्यांमधला) फायदा इथे जवळजवळ फिटला.

आता एफ/२.८ खरंच लावून पाहा. २४ मिमीला जास्तीत जास्त खोली मिळवायची तर फोकस सुमारे ७ मीटरवर धरावा लागतो आणि साडेतीन मीटरच्या आतलं सगळं मऊ (अस्पष्ट) होतं. वेरूळच्या १० क्रमांकाच्या विश्वकर्मा लेण्यात पहिल्या खांबांजवळ उभं राहून स्तूप टिपायचा असेल तर पुढचे खांब गेले. ज्या अॅपर्चरसाठी पैसे मोजले तेच वापरता येत नाही. रात्रीच्या आकाशासाठी, कमी उजेडात हलत्या माणसांसाठी एफ/२.८ घ्यावं. दगड हलत नाही.

वजनाचा हिशेबही पाहा. निकॉनच्या डीएसएलआर काळातल्या १४-२४ एफ/२.८चं वजन एक किलोच्या आसपास आणि पुढची काच बाहेर आलेली, म्हणजे साधा फिल्टर लागतच नाही. त्याच कंपनीच्या मिररलेस १४-३० एफ/४चं वजन ४८५ ग्रॅम, फिल्टर ८२ मिमीचा. क्रॉपवाल्यांसाठी कॅननची ईएफ-एस १०-१८ तर २४० ग्रॅमची आहे, स्टॅबिलायझर धरून.

‘ट्रायपॉड हवाच’

भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यातल्या स्मारकांत ट्रायपॉडसाठी आधी परवानगी लागते. ती न घेता गेलात तर तो दारातच राहील. अजिंठ्याच्या चित्रांवर फ्लॅश मारायला तर सक्त मनाई आहे, आणि ती योग्यच आहे.

मग हातातून कसं काढायचं? बॉडीत किंवा लेन्समध्ये स्टॅबिलायझर असेल तर २४ मिमीला १/८ सेकंद जमतं. पट्टा मानेभोवती ताणून धरा, कोपरं बरगड्यांना टेकवा, अर्धा श्वास सोडून बटण दाबा. एकाऐवजी पाच फ्रेम्सचा बर्स्ट घ्या, त्यातली एक तरी शार्प निघते. खांबाला, भिंतीला टेकू नका: रंग आणि गिलावा शेकडो वर्षं टिकलाय तो तुमच्या खांद्यासाठी नाही.

याहून चांगला उपाय म्हणजे फ्रेम्सची सरासरी. आयएसओ ३२०० ला, मॅन्युअल एक्स्पोजरवर, एकाच जागेवरून आठ रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या) फ्रेम्स घ्या. सॉफ्टवेअरमध्ये त्या लेयर म्हणून उघडा, एकमेकींवर जुळवा, स्मार्ट ऑब्जेक्ट करून ‘मीन’ (सरासरी) मोड लावा. आठपट प्रकाश गोळा झाल्यासारखं होतं, नॉइज आयएसओ ४०० च्या जवळ येतो. मात्र फ्रेम्समध्ये पाय हलला तर जवळचे खांब मागच्या भिंतीवर सरकतात आणि जुळवणी फसते, म्हणून उभं राहिलात तिथेच राहा. माणसं येत-जात असतील तर ‘मीडियन’ (मधलं मूल्य) लावा, पुष्कळदा ती आपोआप गायब होतात.

दारातून भगभगीत उजेड आणि आत काळोख असेल तर दोन-दोन स्टॉपच्या फरकाने तीन फ्रेम्सचं ब्रॅकेटिंग (एकच दृश्य कमी, मध्यम आणि जास्त उजेडात टिपणं) पुरतं. जोडताना सावल्या इतक्या उघडू नका की लेणं दुकानासारखं उजळेल.

‘एफ/२२ ला सगळं शार्प येतं’

येत नाही, सगळं सारखंच मऊ येतं. छिद्र लहान झालं की प्रकाश पसरतो. एफ/८ ला प्रकाशबिंदूची तबकडी सुमारे ११ मायक्रॉनची होते, एफ/२२ ला जवळपास ३०. २४ मेगापिक्सेलच्या फुल-फ्रेमचा पिक्सेल ६ मायक्रॉनचा, क्रॉपचा ४ च्या आत, म्हणजे एफ/२२ ला एक बिंदू कित्येक पिक्सेलवर पसरतो. फुल-फ्रेमवर एफ/८ ते ११, क्रॉपवर एफ/५.६ ते ८, आणि संपला विषय.

‘मेगापिक्सेल ४५च्या खाली नकोत’

६,००० × ४,००० पिक्सेलची, म्हणजे २४ मेगापिक्सेलची फाइल ३०० डीपीआयला २० × १३ इंच छापते. भिंतीवर याहून मोठी प्रिंट लावणारे किती, ते ज्याचं त्याने मोजावं. जोरदार क्रॉप किंवा मोठी होर्डिंगं हे कामाचं स्वरूप असेल तर ४५ घ्या.

‘जुनं सामान घेऊ नका’

सल्ल्याच्या शेपटीला हे वाक्य बहुधा असतंच. वास्तूंसाठी ते सर्वांत कमी लागू पडतं, कारण इथे वेगवान ऑटोफोकस लागत नाही. दहा वर्षं जुनी २४ मेगापिक्सेलची क्रॉप बॉडी आणि चांगली वाइड झूम हे काम आजही करते. फक्त लेन्स तपासून घ्या. मुंबई, कोकण, गोव्याच्या दमट हवेत राहिलेल्या लेन्सच्या आत बुरशी धरते. दोन्ही झाकणं काढा, अॅपर्चर पूर्ण उघडा, मागून मोबाइलचा टॉर्च मारून तिरकं पाहा. कोळिष्टकासारखे धागे दिसले तर स्वस्तातही घेऊ नका.

मग बॉडीवर लावून एखाद्या विटांच्या भिंतीसमोर अगदी समांतर उभे राहा आणि सर्वांत वाइड टोकाला एफ/५.६ वर फोटो काढा. चारही कोपरे शंभर टक्के मोठे करून पाहा. चारही थोडे मऊ असतील तर चालेल, वाइड झूम अशाच असतात. एकच बाजू मऊ असेल तर कॅमेरा उलटा धरून परत काढा. मऊपणा भिंतीच्या त्याच बाजूला राहिला तर तुम्ही समांतर नव्हतात. तो कॅमेऱ्याबरोबर दुसऱ्या बाजूला गेला तर आतली काच सरकलेली आहे, ती लेन्स परत द्या.