ॲम्पवर विरजण

आमच्याकडे येणारे पाहुणे हॉलमधल्या युनिटचं कौतुक करतात, त्यातल्या गाण्याचं कोणीही करत नाही. युनिट आहेच तसं. एकोणीस एमएमचा प्लाय, वर सागाचं व्हिनियर, पुढे काळ्या काचेचं दार आणि मागे, इथेच घात झाला बघा, मागेही प्लाय. मी सुताराला सांगितलं होतं की मागची बाजू उघडी ठेव, तर तो म्हणाला, "साहेब, मागून झुरळं येतील." झालं. झुरळ हा शब्द कानावर पडल्यावर आमच्या घरात कुठल्याही विषयावर पुढे चर्चा होत नाही. वायरींपुरतं एक भोक पाडून मिळालं, तेही आईने पाहिलं तेव्हा त्यात फडक्याचा बोळा कोंबला.

तर या पेटीत सगळ्यात खाली सतरा किलोचा पॉवर ॲम्प, म्हणजे स्पीकरना ताकद पुरवणारं यंत्र, आणि त्याच्या डोक्यावर एव्ही रिसीव्हर, म्हणजे टीव्ही-गाण्यांचा आवाज घेऊन पुढे पाठवणारी पेटी, गोविंदाच्या खांद्यावर गोविंदा उभा असतो तसा. दोघांमध्ये अंतर किती, तर रबरी पायांच्या उंचीइतकं, दीड सेंटीमीटर. वर आणि बाजूला चांगली वीतभर जागा मोकळी सोडा असं मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं, पण मॅन्युअल आपण उघडतो कधी, तर बिल सापडत नसतं तेव्हा.

मला वाटायचं की आवाज कमी ठेवला की ॲम्प गरम होणार नाही, पण हे क्लास एबी प्रकरण तसं नाही, यातले ट्रान्झिस्टर कायम थोडे थोडे चालू ठेवलेले असतात, म्हणजे गाणं वाजत नसलं तरी माझा ॲम्प नुसता बसून चाळीस-पन्नास वॅट खातो आणि ती सगळी वीज उष्णता होऊन बाहेर पडते. बंद कपाटात जुना पिवळा बल्ब लावून ठेवल्यासारखंच. ती गरम हवा सरळ वरच्या रिसीव्हरच्या पोटात, त्याची स्वतःची उष्णता अजून वेगळी, आणि त्याच्या डोक्यावर जिथून हे सगळं बाहेर पडायचं त्या जाळीवर आईने स्वतः विणलेला क्रोशाचा रुमाल. "उघडं बरं दिसत नाही रे." आमच्याकडे मिक्सरलाही कपडे आहेत.

पहिल्या हिवाळ्यात याचा कोणालाच त्रास झाला नाही, उलट फायदाच झाला. पुण्यातला डिसेंबर, दही काही केल्या लागत नव्हतं. एक दिवस सकाळी मी युनिटचं दार उघडतो तर रिसीव्हरवर स्टीलचा डबा! खाली रुमाल, वर झाकण, आणि आत असं दही की डबा तिरका केला तरी हललं नाही. "इथे मस्त ऊब असते," आई म्हणाली. लाखभर रुपयांच्या साउंड सिस्टिमबद्दल तिने काढलेले हे पहिले चांगले शब्द, त्यामुळे मीही गप्प बसलो.

मग चैत्र आला. घरात हळदीकुंकू, बायका जमलेल्या, कैरीची डाळ, पन्हं, आणि मी हौसेने भीमसेनजींचा तोडी लावलेला. स्वयंपाकघरातले स्पीकरही त्याच पॉवर ॲम्पला जोडलेले, म्हणजे आठ ओहमच्या दोन जोड्या पॅरलल, म्हणजे चार ओहम, म्हणजे ॲम्पवर दुप्पट भार. तान वरच्या षड्जाला भिडणार इतक्यात आतून "टक्" असा बारीक आवाज आला आणि सगळं शांत. काचेमागे लाल दिवा लुकलुकतोय. मी दार उघडलं तर इडलीपात्राचं झाकण काढल्यासारखा भपकारा तोंडावर आला. हात लावला, दोन सेकंदांत मागे घेतला. आई पन्ह्याचा ट्रे धरून उभी. "पडलं विरजण," ती म्हणाली, आणि निदान या घरात तरी हा वाक्प्रचार यापेक्षा अचूक कोणी वापरला नसेल.

दुसऱ्या दिवशी तपकीर गल्ली, पुण्यातला इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार. एकशेवीस एमएमचे दोन पंखे, बारा व्होल्टचे. दुकानदाराने विचारलं, कॉम्प्युटरला का? म्हटलं नाही, गाण्याला. त्याने पुढे काही विचारलं नाही. घरी येऊन मागच्या प्लायला मधोमध दोन भोकं पाडली, पंखे आत वारा मारतील असे बसवले आणि फिश टँकचा थर्मामीटर वायरसकट आत सोडला. आधी अठ्ठावन्न अंश होते. तासाभराने छप्पन्न. मोठ्ठं यश.

शेवटी वरच्या मजल्यावरचे काका आले. आयुष्यभर कारखान्यात काढलेला माणूस. आल्या आल्या त्यांनी उदबत्ती मागितली. आईला वाटलं पूजा आहे. काकांनी ती मागे पंख्याशी धरली, धूर आत गेला आणि त्याच पंख्याच्या कडेने वळसा घालून परत बाहेर आला, आणि काका माझ्याकडे असे बघायला लागले की मला शाळा आठवली. "चूल बघितलीयस का कधी? हवा खालून जाते, धूर वरून जातो. तू धुराड्यात फुंकतोयस! आणि आत आलेल्या हवेने जायचं कुठून? दार बंद, वर रुमाल." आईने रुमालाचा उल्लेख मनाला लावून घेतला. काकांना त्या दिवशी चहा थोडा उशिरा मिळाला.

मग सुताराला परत बोलावलं. तळाशी मागे लांबट झिरी, तिला झुरळांसाठी बारीक जाळी (आईची अट), पंखे उचलून पार वर आणि उलटे, म्हणजे गरम हवा बाहेर ओढणारे. पंख्याच्या कडेला दोन छोटे बाण असतात, एक फिरण्याचा आणि एक वाऱ्याच्या दिशेचा, हे मला तेव्हा कळलं. नियमाने जास्त गरम होणारं यंत्र वर पाहिजे, पण सतरा किलो वर चढवले तर फळी पोटातून वाकते, म्हणून दोघांमध्ये वीतभर अंतर सोडून नवी फळी टाकली. त्रेचाळीस अंश! काका म्हणाले, दहा अंश कमी झाले की आतल्या कपॅसिटरचं आयुष्य साधारण दुप्पट होतं, तू पंधरा केलेस, आता हा माझ्यामागेही राहील.

फक्त पंख्यांचा आवाज. बारा व्होल्टवर ते नेमके काळी दोनला लागत होते, आणि भीमसेनजींची पट्टी वेगळी. व्होल्टेज बदलता येणारा अडॅप्टर आणला. साडेचारवर पंखा जागचा हलेना, पेन्सिलीने ढकलावा लागे. साडेसातवर गपगुमान फिरतो. रुमाल आता लँडलाइनवर आहे. लँडलाइन कधीच बंद पडलीय, पण उघडी बरी दिसत नाही.

यंदा परत डिसेंबर आला आणि चार दिवस सलग पातळ पाणी दही. आई काही बोलली नाही, फक्त माझ्या पानात ताक वाढत राहिली. पाचव्या दिवशी म्हणाली, "ते तुझे पंखे."

तडजोड अशी झालीय की रात्रीचं माझं गाणं संपायच्या अर्धा तास आधी पंखे बंद. थर्मामीटरची वायर हल्ली ॲम्पला नसते, दह्याच्या डब्याला दोऱ्याने बांधलेली असते, आणि आकडा चाळिसावर गेला की आई आतून ओरडते, "झालं रे माझं, लाव आता तुझे पंखे."